शिवलेले खिसे

बारशाच्या पंगतीत दिगंबरमामांनी विचारलं,
तू विमानं बनवतेस म्हणे, मकरपुऱ्यात?

नाही मामा.
आम्ही एक ब्रॅकेट बनवतो, तळहाताहून लहान.
पंखाच्या आत कुठेतरी तो एक नळी धरून बसतो.
तोही मी बनवत नाही, कांतिलाल पंचाल बनवतात.
मी तो मोजते.
खरं तर मोजला असं लिहिते,
खाली तारीख, वेळ, सही.

म्हणजे कारकुनी, मामा म्हणाले,
आणि बासुंदीची वाटी पुढे केली.

बरं, कारकुनी. पण तुमची ती लाल वही आठवा,
दांडिया बाजारातली, रावपुऱ्यातली सगळी स्थळं जिच्यात.
मुलगा समोर बसलाय, दिसायला धड,
बशी न सांडता चहा पितोय,
तरी तुम्ही विचारताच ना,
मूळ गाव कुठलं, आजोळ कुणाचं, आजी कुठल्या घरची?
तसंच.
ब्रॅकेटवर मुंगीएवढा नंबर असतो.
नंबरावरून कळते कांब,
कांबेवरून भट्टीतला तो एकच ओत,
आणि त्या दिवशी पाळीवर कोण होतं तेही.
वीस वर्षांनी एखाद्या परक्या विमानतळावर
कुणाला केसाएवढी भेग दिसली,
तर तिची भावंडं कुठे कुठे दिली आहेत
हे एका दुपारीत सांगता आलं पाहिजे.

एएस एक्क्याण्णवशे नावाचं पुस्तक आहे,
त्यात विमान कसं उडतं ते नाही.
चांगलं काम करा असंही नाही फारसं.
केलंत ते दाखवा, एवढंच पुनःपुन्हा.
माझ्या मायक्रोमीटरलाही पत्रिका असते,
ठरल्या तारखेला तो स्वतःला मोजून घ्यायला जातो.
त्याला मोजणाऱ्याला कोण मोजतं?
त्याच्या वरचा.
आणि त्याला?
असं चढत चढत एका थंड खोलीपाशी पोचतं.
पुढचं मला शिकवलेलं नाही.

फेब्रुवारीतली गोष्ट सांगते.
हत्यारांच्या फळीवर प्रत्येकाची पिवळी सावली रंगवलेली,
पाना उचलला की पान्याच्या आकाराचं पिवळं उरतं.
रात्री पाळी सुटताना एक पिवळं उरलं,
करंगळीएवढं, वाकडं.
तीन मिलिमीटरची ॲलन चावी.
बाजारात चाळीस रुपये.
बांधून झालेले अठ्ठावीस खोके फोडले.
कांतिलालभाई, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेला माणूस,
मशीनखाली टॉर्च घेऊन आडवे.
ट्रकवाला बाहेर हॉर्न वाजवून थकला, मग झोपला.
दीड वाजता तरसालीहून सायकल मारत
अल्पेश तडवी आला, शिकाऊ, एकोणीस वर्षांचा,
मुठीत चावी.
आईने कपडे भिजत घालताना
ॲप्रनच्या खिशात सापडलेली.
तो काही बोललाच नाही. मूठ उघडून उभा राहिला.

मग फॉर्म.
फॉर्ममध्ये विचारतात, का? आणि त्या का-चं का?
पाच वेळा.
का राहिली? खिशात टाकली म्हणून.
का टाकली? दोन्ही हात गुंतलेले.
तिसऱ्या का-ला कुणीतरी म्हणालं, घरी जाऊ या आता.
चौथ्याला कांतिलालभाई म्हणाले,
खिसा होता म्हणून.
कोणाची चूक, असा रकाना त्या कागदावर नाही, मामा.
मी दोनदा उलटून पाहिला.

दुसऱ्या दिवशी समोरच्या शिंप्याकडून
सगळ्या ॲप्रनचे खिसे शिवून आणले,
पांढरा दोरा, निळं कापड.
माझाही.

मामांनी विचारलं, आणि त्या पोराचं?
आहे ना. सुटताना फळी आता तोच मोजतो,
बोट लावून लावून, मोठ्याने, गुजरातीत.

मामांनी नकळत सदऱ्याचा खिसा चाचपला,
पेन, पास, सुपारीची डबी.

आमचं अजून अडतं.
बोलता बोलता हात खिशाकडे जातो,
बोटांना शिवण लागते,
मग तो हात कुठे ठेवायचा
कुणालाच सुचत नाही.